आज नवं काय?

आमच्या पेपरात कोणत्या घटनेची किंमत किती, हे दुपारच्या मीटिंगमध्ये ठरतं. खोलीत एक पांढरा बोर्ड आहे. वार्ताहर आपापली बातमी सांगतात आणि वृत्तसंपादक ती बोर्डावर वर, मध्ये किंवा खाली लिहितो. वर म्हणजे पहिल्या पानाचा माथा. खाली म्हणजे आतली पानं, जी लोक वस्तू गुंडाळायला वापरतात. बोर्डावर जागाच मिळाली नाही, तर ती घटना घडलीच नाही असं समजून सगळे चहा प्यायला जातात. वृत्तसंपादकाला आम्ही त्याच्या मागे 'काटा' म्हणतो. वजन करता करता त्याचा चेहराही तसाच झालाय. समोर मंत्री मेला काय किंवा मांजर मेलं काय, त्याचा प्रश्न एकच असतो, "आज नवं काय?"

मी पहिल्या पानाचा उपसंपादक. मथळे देतो, ओळी छाटतो. इतकी वर्षं या प्रश्नात मला काही वावगं दिसलं नव्हतं. उलट नव्याने आलेल्यांना मीच तो मोठ्या तोऱ्यात शिकवायचो.

मग कापडाचं ते गोदाम कोसळलं. तीन मजले एकावर एक बसले आणि आत पाच माणसं अडकली. त्यातला एक माझ्या बहिणीचा नवरा, पॅकिंगचा मुकादम. बहीण सगळ्यांत धाकटी, म्हणून घरात तिला अजून बारकीच म्हणतात.

पहिल्या दिवशी बातमी आठ कॉलम, म्हणजे पानाच्या अख्ख्या रुंदीभर लागली. काट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी जा म्हणून सांगितलं. मी गेलो नाही. मथळा मीच दिला, आणि तो चांगला झाला म्हणून लोकांनी मला तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी दोघांना जिवंत बाहेर काढलं, त्यामुळे बातमी माथ्यावरच राहिली. आत उरले तिघे. मेहुणा, एक हमाल आणि मागच्या गेटवरचा वॉचमन.

त्यानंतर कुणीच बाहेर आलं नाही. ना जिवंत, ना मेलेलं. बोर्डावर बातमी मध्यावर उतरली. वर आला एका कर्णधाराचा गुडघा. त्या गुडघ्याला चार कॉलम आणि फोटो मिळाला, शिवाय डॉक्टरांची मुलाखत. मी मीटिंगमध्ये भांडलो. आवाज चढला, सगळे खाली बघत बसले. काटा वाईट माणूस नाही, हे मला सांगायलाच हवं. तो शांतपणे म्हणाला, "अडकलेत, हे आपण छापलं. अजून अडकलेत, ही बातमी होत नाही रे. ती परिस्थिती झाली."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कारण त्याचं म्हणणं आमच्या धंद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं.

भांडण काही पेपरच्या मानपानाचं नव्हतं. गोदामापाशी अग्निशमनचे जवान हातांनी एकेक तुकडा उचलत होते, मधूनच सगळ्यांना गप्प करून कान लावत होते. त्यांच्या प्रमुखाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की रस्ता कधी मोकळा करता म्हणून वरून रोज विचारणा होतेय. बातमी माथ्यावर आहे तोवर कुणाची हिंमत व्हायची नाही. खाली गेली, की मोठी मशीन येणार. मशीन आली म्हणजे जिवंत माणूस शोधणं संपलं. ती दगड, लोखंड, माणूस सगळं एकाच घासात उचलते.

समोरच्या बंद शाळेच्या व्हरांड्यात बारकी बसलेली असायची. तिच्या शेजारी वॉचमनची बायको. दोघींची आधी ओळखही नव्हती, पण एव्हाना बारकी तिला काकू म्हणायला लागली होती आणि काकू हिला दटावून दोन घास खायला लावत होती. स्वतः मात्र चहावर होती. पांघरूण एकच होतं, ते दोघींनी पायांवर घेतलेलं.

त्या संध्याकाळी मी तिथे पोचलो तेव्हा बारकीच्या हातात आमचाच पेपर होता. तिने विचारलं, दादा, हे खाली का गेलं? तू आहेस ना तिथे? मी दिवसभराचा पेटलेला होतो, आणि राग काढायला माणसाला घरचंच कुणीतरी सापडतं. मी तिच्यावर खेकसलो.

"मी काय करू? त्यांना रोज काहीतरी नवं लागतं. ढिगाऱ्यातून आवाज यायला हवा, नाहीतर त्याच्या नंबरवरून रिंग यायला हवी. तसलं काही झालं की उद्या आठ कॉलम. नुसतं वाट बघण्याला कॉलम नसतो."

पेपराची घडी घालून तिने तो खुर्चीखाली ठेवला. काकूने मला हळूच खुणेनं सांगितलं, की आता पुरे.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला सगळे बसले होते आणि बोर्डावर गोदाम सगळ्यांत खाली लिहिलेलं होतं. तेवढ्यात आमच्या वार्ताहराचा तिथून फोन आला. काट्याने तो स्पीकरवर टाकला. मुकादमाच्या नंबरवरून बायकोला रिंग आली होती. दोनदा वाजली, पलीकडून कुणी बोललं नाही, मग कट. तिचा फोन बघितलास का, असं काट्याने विचारलं. वार्ताहर म्हणाला, की फोनची बॅटरी गेलीय, आणि ती बाई अशी रडतेय की मागायचा तरी कसा? मोबाइल कंपनीकडून खात्री करून घ्यायला दोन दिवस लागणार होते, आणि बातमीला दोन दिवस कधीच नसतात. काट्याने बोर्डावरचा गुडघा बोटाने पुसला.

सगळे माझ्याकडे बघून हसत होते. कुणीतरी पाठ थोपटली. ती रिंग कुठून आली, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तोंड उघडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत मशीन आली असती. मी खाली मान घालून मथळा दिला, 'ढिगाऱ्यातून हाक'.

त्या मथळ्याने काय केलं, ते सांगतो. निघालेली मशीन वाटेतच थांबवली. दुसऱ्या गावाहून जवानांची आणखी एक तुकडी आली. त्या वेळी मुकादम कुठे असायचा, असं त्यांनी बारकीला विचारलं. तिने पुढचा पॅकिंगचा कोपरा दाखवला. ते खरंच होतं, तो तिथेच असायचा. सगळे हात त्या कोपऱ्याला लागले. मागच्या गेटापाशी अर्धवट उपसलेला खड्डा तसाच सोडून तिथलेही जवान पुढे आले.

दोन दिवसांनी मेहुणा सापडला, आणि त्याच्याजवळ हमाल. डॉक्टरांनी सांगितलं, दोघंही छत पडलं त्याच क्षणी गेले होते. मला रडू आलं आणि सुटल्यासारखंही झालं, ते लपवत नाही. मग मशीन आलीच. तिने मागची बाजू उपसली, तेव्हा जिन्याखालच्या केबिनमध्ये लोखंडी टेबलाखाली वॉचमन मिळाला. अंगावर मोठी जखम नव्हती.

शवविच्छेदनाची बातमी डेस्कवर माझ्याकडेच आली. वॉचमन सापडला त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत जिवंत होता. त्या दिवशी सरकार पडलं होतं, सगळी पानं त्यानेच भरली होती. काटा म्हणाला, की चार ओळी कर आणि आत कुठेतरी टाक. मी भांडलो नाही. उलट पाच ओळी होत होत्या, त्यातली वेळेची ओळ मी छाटली आणि सातव्या पानावर, बदल्यांच्या यादीखाली ती बातमी लावली. बातमी खाली गेल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. बारकी सातव्या पानापर्यंत जाणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आठवड्याभराने काकू बारकीला भेटायला आली. स्वतःचं दुःख घरी ठेवून आली होती. बारकी भिंतीला टेकून बसली होती, मी दारापाशी. काकूने तिचे केस सारखे केले, घरात कोण कोण झोपायला असतं ते विचारलं, मला पाणी आणायला पिटाळलं. मी पाणी घेऊन आलो, तेव्हा ती आपल्या नवऱ्याविषयी बोलत होती. डॉक्टरांनी तिला बोलावून सगळं सांगितलं होतं. आदल्या रात्रीपर्यंत होते, म्हणाली. पाण्याविना गेले. त्यांच्याकडेही फोन होता, शर्टाच्या खिशात, चांगला शाबूत. तरी त्यांनी एकदाही का केला नाही, तेवढं तिला कळत नव्हतं. तिथे खाली रेंज मिळत नव्हती, असं जवान म्हणाले होते.

"पण मग तुला कसा लागला, बाई?" ती म्हणाली. त्यात संशय अजिबात नव्हता. तिने बारकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "जाऊ दे. तुझं नशीब म्हणायचं. तुझा निदान फोन तरी वाजला."

बारकीने हात सोडवून घेतला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाण्याचा तांब्या दोघींच्या मधे ठेवला.