देवदत्तच्या बरण्या आणि मी

मी एक जुना निळा टब आहे. जुना म्हटलंत तर ऐकून घेईन मित्रांनो, पण टाकाऊ म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे. आज सकाळीच मला अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या या घरासमोर, कचऱ्याच्या डब्याशेजारी आणून ठेवलं. कारण काय, तर गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज आला. येऊ दे की. तो आला म्हणून मी का जावं?

पार्टीत बर्फ आणि कोकचे कॅन भरायला देवदत्तने मला आणलं. देवदत्त मूळचा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्याला घरी बिअर करायचा नाद लागला, आणि नाद तरी केवढा, एका वेळी दोन मोठ्या काचेच्या बरण्या. बिअर आंबताना स्वतःच तापते, त्यात जॉर्जियाचा उन्हाळा. फार तापली की तिला नेलपॉलिशचा वास मारतो. फ्रिजमध्ये जागा मागितली, तर त्याची बायको आश्लेषा म्हणाली, "मग माझं खोबरं आणि मटार काय डोक्यावर ठेवू?"

पहिल्या वर्षी बरण्या गॅरेजमध्ये तशाच तापल्या. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला लोकांनी ती बिअर गवतात ओतली. "यार देवदत्त, ही प्यायची की नखांना लावायची?" त्याचा मित्र परीक्षित सगळ्यांसमोर म्हणाला. देवदत्तचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २००३ साली, त्याने बरण्या माझ्यात उभ्या केल्या. भोवती पाणी भरलं, त्यात बर्फाच्या बाटल्या सोडल्या, बरण्यांना जुने टी-शर्ट घातले आणि पंखा लावला. कापड पाणी वर ओढतं, वाऱ्याने ते सुकत जातं आणि बरणी माठासारखी गार राहते. "या वेळी बिघडली तर पुन्हा नाव काढणार नाही," तो आश्लेषाला म्हणाला, "आणि हा टब जाईल कचऱ्यात."

झालं. माझा जीव त्या बरण्यांत अडकला.

त्याच आठवड्यात त्याची आई, शैलजाकाकू, नागपूरहून आल्या. खरं सांगायची हिंमत नाही म्हणून या पठ्ठ्याने "ऑफिसचा प्रयोग आहे" असं ठोकून दिलं. दोघं कामाला गेली आणि काकू गॅरेजमध्ये डोकावल्या. रिकाम्या खोलीत पंखा गरगरतोय, हे कुठल्या आईला बघवेल? त्यांनी प्लग काढला. बरण्यांवरचे ओले टी-शर्टही काढले, धुतले, वाळवले आणि घड्या घालून कपाटात ठेवले.

मागे राहिलो मी एकटा. दारावर ऊन आलं, बाटल्यांतला बर्फ वितळला, बरण्यांत फेस उसळायला लागला. मी म्हटलं, तापा किती तापायचं ते, माझं पाणी असं सहजासहजी तापत नाही. चिडलो होतो, आणि चिडूनच टिकलो.

संध्याकाळी देवदत्त आला. "आई, शर्ट कुठे गेले?"

"कपाटात. इस्त्रीपण केली."

तो मटकन खाली बसला. "अगं, ती बिअर आहे."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "मग आधी सांगायचं ना. मी काय खाल्लं असतं तुला?"

त्याने थर्मामीटर बुडवला. पाणी कोमटही झालं नव्हतं. काकूंनी स्वतः शर्ट भिजवले, प्लग लावला, आणि मग जाता-येता त्या शर्टांवर तांब्याभर पाणी ओतत राहिल्या.

पिकनिकला परीक्षितने तिसऱ्यांदा ग्लास पुढे केला म्हणे. माझं नाव मात्र कुणी घेतलं नाही. त्याचा मला राग आला होता, अजूनही आहे. त्यानंतर दर उन्हाळ्यात मीच राबलो, आणि शेवटी बक्षीस काय, तर कचऱ्याची गाडी.

पण ऐका. काकू यंदा पुन्हा आल्या आहेत. नवा फ्रिज आला आणि सासू-सुनेने तो लगेच मेथी, कैरी आणि पुरणाने भरला. बरणी कशीबशी एकच मावली, दुसरी बाहेरच राहिली. काकू बाहेर आल्या, माझा कान धरला आणि मला फरफटत आत नेलं.

"आई, त्याला चीर गेलीय," देवदत्त म्हणाला.

"माझेही गुडघे गेलेत. मलाही ठेव त्या डब्याशेजारी."

देवदत्तने गुपचूप पाण्याचा पाइप आणला.

तर मित्रांनो, मला जपा, मला पुसा, असं मी म्हणणार नाही. चिरेच्या खालपर्यंत पाणी भरा. पुढचं मी बघतो.