मासोळीवरून बैल

एका बोटावर पांढरी पूड.

नाल्यात उताणी पडलेली मासोळी. मग पाच. मग मोजणं सोडून दिलेलं.

औषधाच्या डब्यावर कवटीचं चित्र, खाली सगळं इंग्रजी.

सायकलची चेन, सकाळपासून दोनदा उतरलेली.

यातलं बोट ग्रामसेवक कृष्णकांतचं. मागच्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, रोहण्यात डीडीटी फवारायला लोक दारं उघडेनात. तेव्हा त्यानं भर पारावर पुडीत बोट बुडवून चाटलं. दारं उघडली, साहेब खूश. उरलेली पूड लोकांनी बैलांना चोळली, तर गोचीडही गळाले.

मासोळ्या आजच्या. कपाशीच्या नव्या औषधाचा, एन्ड्रीनचा, पंप त्यानं नाल्यात खंगाळला आणि बघता बघता पाणी पांढऱ्या पोटांनी भरलं.

आणि आता रोहण्यातलाच शेतकरी जंगू गोठ्यापुढे गोचिडांसाठी तेच औषध बादलीत कालवून, चिंधी घेऊन उभा. त्याची बैलजोडी एवढी एकच.

"जंगू, थांब! बैल मरतीन."

"काऊन? मांगच्या साली त नाई मेले."

"थे औषध येगळं होतं."

"कितीकानं मरते?" जंगूची बायको सुंदरा दारातून म्हणाली. "थोडकसंच लावू."

कितीकानं? औषधासोबतच्या पत्रकात बैलाचा आकडाच नव्हता. मासोळीवरून बैलाचा अंदाज बांधायचा तरी कसा? कृष्णकांत खाटेच्या कडेवर टेकला. सायकलवरून आजचं हे तिसरं गाव.

शेजारचा टिकाराम खो खो हसला. "चाटून दाखवा नं, साहेब! थे त तुमाले जमते."

सरकारचा हुकूम आहे, अशी थाप ठोकली असती तर आजचं काम भागलं असतं. पण थापेचाही त्याला कंटाळा आला होता.

"नाई चाटत. मांगच्या सालीबी चाटाले नोको होतं. तुमी आयकावं म्हून तमाशा केला, चुकलं माहं. बैलाचा आकडा मले ठाऊक नाई. पण मासोळ्या मेल्या, थे म्या डोळ्यानं पाह्यलं. माहे बैल असते, त म्या हात नसता लावू देला."

"मंजे तवा आमाले फसोलं तुमी," सुंदरा म्हणाली.

"हो."

टिकारामही हसला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डीडीटी फवारणीची गाडी आली, तेव्हा रोहण्यात एकही दार उघडलं नाही. वरच्या साहेबांनी कृष्णकांतकडे कारण लेखी मागितलं. त्यानं कागद दोन दिवस कोराच ठेवला.

मासोळ्या मेल्या त्या संध्याकाळी मात्र जंगू आणि सुंदरा औषध न लावता, दिवे लागेपर्यंत हातानं बैलांचे गोचीड उपटत बसले होते.