तिसरा गिअर निसटला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना डिझेल ट्रक आहे. नऊ लाख किलोमीटर धावलो. इंजिन दोनदा उघडलं गेलं, पण गिअरबॉक्स मात्र कारखान्यातून आला तोच. माझ्या ड्रायव्हरला त्याचा भारी अभिमान. एकदा मी अख्ख्या शाळेची बाकं वाहून नेली, तेव्हा मुलांनी फाटकात उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

गेल्या वर्षी माझं काहीतरी बिनसलं. चढावर तिसरा गिअर आपोआप निसटू लागला. आधी महिन्यातून एकदा, मग रोज. "रस्ताच खराब आहे," असं म्हणून ड्रायव्हर पुढे जायचा. एका दुपारी फरशा भरून चढत असताना खाडकन गिअर सुटला आणि मी मागे घसरलो. मागे एक स्कूटर होती. ड्रायव्हरने ब्रेकवर अक्षरशः उभं राहून मला थांबवलं. स्कूटरवरची बाई वीतभर अंतराने वाचली. ती स्कूटर तशीच सोडून कडेच्या दगडावर जाऊन बसली.

ते ऐकून ड्रायव्हरची बायको म्हणाली, "अहो, आता बास. गाडी भंगारात द्या. मला तुम्ही धडधाकट हवे आहात."

तिचं काय चुकलं? दोन गॅरेजवाल्यांनी तर खाली न वाकताच सांगून टाकलं होतं, "गिअरबॉक्स गेला." भंगारवाला येऊन माझ्याभोवती फेरी मारून गेला. मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती.

शेवटचा उपाय म्हणून ड्रायव्हरने मला मिस्त्रीकाकांकडे नेलं. काका म्हातारे, कानांनी जवळजवळ बहिरे. ड्रायव्हर ओरडून सांगू लागला.

"ओरडू नकोस रे. तू चालव, मी शेजारी बसतो."

मोकळ्या चढावर त्यांनी गिअरच्या दांड्यावर तळहात टेकवून डोळे मिटले. दांडा थरथरला, निसटला. परत आल्यावर काकांनी गिअरबॉक्सचं तेल परातीत काढून त्यात लोहचुंबक फिरवलं. नावापुरता लोखंडाचा चुरा चिकटला.

"गिअरचे दात शाबूत आहेत," ते पुटपुटले. मग माझ्या पोटाखाली शिरून त्यांनी पहारीने गिअरबॉक्स उचलून पाहिला. तो चांगला बोटभर उचलला गेला!

"अरे, याच्या खालचं रबर तुटलंय. जोर आला की अख्खा डबा हलतो आणि गिअर ओढून बाहेर काढतो. गिअरबॉक्सला काय धाड भरलीय? त्याची उशी गेलीय, उशी!"

ड्रायव्हर तिथेच जमिनीवर बसला. हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

नवं रबर बसल्यावर त्याची बायको हट्टाने माझ्यात चढली. तोच चढ, तेवढाच माल. दाराजवळच्या दांडीला घट्ट धरून ती एकटक गिअरकडे बघत होती. माथा आला, तिसरा गिअर जागच्या जागी.

"अहो, चहाला थांबवा कुठेतरी," ती म्हणाली.

मित्रांनो, एखादं जुनं यंत्र कुरकुरलं, तर ते कामातून गेलं असं लगेच ठरवू नका, आणि ती कुरकुर कानाआडही करू नका. आधी खाली वाकून बघा.

आता दर महिन्याला ड्रायव्हर पहार घेऊन माझ्याखाली शिरतो. बायको वरून विचारते, "हललं का हो?"

"नाही!" खालून आवाज येतो, आणि आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडतो.