चंद्रीचा मंगळवार

बडोद्यात गोत्रीच्या पलीकडे पोराबाळांसाठी एक प्राणीबाग आहे. वाघ-सिंह नाहीत, शेळ्या, बदकं, एक आळशी गाढव आणि चंद्री नावाची गाय. त्यांचं चारापाणी, शेणगोठा आणि रुसवेफुगवे सांभाळायचं काम पद्माताईंचं. नवरा रेल्वेतून निवृत्त होऊन घरी बसला त्याच महिन्यात ताईंनी ही नोकरी धरली. दोघं दिवसभर समोरासमोर बसली असती, तर एकाला तरी पांजरपोळात सोडावं लागलं असतं.

ताईंना वर्षात एकाच दिवसाची धास्ती, उत्तरायणाची. त्या दिवशी बडोद्यात एका हातात पतंगाची दोरी आणि दुसऱ्या हातात घुगरीचा डबा. ही उकडलेली बाजरी गाईला घातली नाही तर पुण्य पदरी पडत नाही. सोसायट्या भराभर वाढल्या, गाई काही तशा वाढल्या नाहीत, त्यामुळे अख्ख्या गोत्रीचं पुण्य चंद्रीच्या एकटीच्या पोटात जायचं. गेल्या वर्षी ते पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टरांनी कुशीत सुई खुपसून हवा काढली, म्हणून वाचली.

"पुन्हा असं झालं तर हिला करजणच्या गोशाळेत पाठवीन," मॅनेजर जयवंतरावांनी बजावलं होतं. "आणि हो, लोकांना तोंडावर नाही म्हणायचं नाही. तिकीट काढून येतात ते."

म्हणजे गाय वाचवायची आणि नाहीही म्हणायचं नाही! यंदा उत्तरायण मंगळवारी आलं. आदल्या रात्रभर ताईंनी डोकं खाजवलं. सकाळी दहाच्या सुमारास हसुमतीबा नावाच्या एक ठसठशीत आजी भलाथोरला डबा घेऊन कुंपणाशी आल्या. त्यांनी झाकण उघडलं आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, "बा, आज चंद्रीचा उपास आहे. मंगळवार करते ती."

हसुमतीबा थबकल्या. डबा बंद झाला, हात जोडले गेले. "जय माताजी! गाय पण मंगळवार करे छे?"

उपासापुढे बडोद्यात कुणाचं काही चालत नाही, मग तो गुजराती असो की मराठी. अर्धा तास कुंपणाशी कोणी फिरकलं नाही. ताई स्वतःवरच खूश झाल्या आणि शेळ्यांना पाला टाकायला गेल्या.

परत येऊन बघतात तो काय, कुंपणाशी ही गर्दी! उपास करणारी गाय बघायला माणसं पतंग सोडून गच्चीवरून खाली उतरली होती. बरं, रिकाम्या हातानं कोण येतो? केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स. हसुमतीबा तर घरी जाऊन मोरैयो, म्हणजे आपली वरी, शिजवून घेऊन आल्या होत्या. "बधुं फराळी छे, बेन, चिंता ना करो," असं म्हणत त्या चंद्रीला मुठीमुठीनं भरवत होत्या. चंद्रीही तोंड मिटायला तयार नव्हती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

ताईंनी तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. कूस ताठ लागत होती.

"थांबा!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बदकंसुद्धा गप्प झाली. "उपास-बिपास काही नाही, मी खोटं बोलले. गेल्या वर्षी असंच खाऊन ही मरता मरता वाचली. तुम्हाला कशी नावं ठेवू? तेव्हा दिवसभर तुम्ही भरवलंत आणि सगळ्यात शेवटी, पोट टम्म झालेलं दिसत असताना, माझ्या घरची गुळाची पोळी मीच घातली हिला. सणाचा घास राहायला नको म्हणून. त्यानंतर दहा मिनिटांत ती आडवी झाली. आजवर हे मी कुणालाच सांगितलं नाही."

हसुमतीबांनी मोरैयोचा हात पदराला पुसला. "गाय ज ना रहे तो पुण्य शेनुं? कशाचं पुण्य?" असं म्हणत त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या फाटकाशीच ठाण मांडून बसल्या. "चालो, डब्बा बंद! गळुं खंजवाळो, एनुंय पुण्य छे."

मग चंद्रीच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवायला रांग लागली. चंद्रीनं मान लांब करून डोळे मिटले. दुपारभर ताई तिला फिरवत राहिल्या आणि कूस दाबून बघत राहिल्या. चारच्या सुमाराला तिनं रवंथ सुरू केलं, कूस मऊ पडली, तेव्हा कुठं ताई खाली बसल्या.

मागं जयवंतराव उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"सगळं ऐकलंत?" ताईंनी विचारलं. "माझं काय करायचं ते करा, पण हिला पाठवू नका."

जयवंतरावांनी खिशातून हात बाहेर काढला. मुठीत तिळाचा लाडू होता, घामानं चिकट झालेला.

"सकाळपासून हिलाच द्यायला खिशात ठेवलाय," ते खाली बघत म्हणाले. "तुम्ही ओरडला नसता तर दिला असता."

त्यांनी लाडू मोडला, अर्धा ताईंच्या हातावर ठेवला आणि उरलेला आपल्याच तोंडात टाकला.