श्वास घेणारे पान

प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांपासून चौकापर्यंत माणसांची रीघ लागली होती, आणि तरीही कुणी मोठ्याने बोलत नव्हते. आत मेजावर बायबलच्या एका प्राचीन हस्तलिखिताचे सुटे पान उघडे ठेवले होते. ते कागदाचे नव्हते. चुन्यात भिजवून, ताणून वाळवलेल्या वासराच्या कातड्याचे होते. भाविक त्यावर ओणवे होऊन आपला प्रश्न कुजबुजत, आणि थोड्या वेळाने पानाचा मधला भाग निजलेल्या माणसाच्या छातीसारखा हळूच वर येई. ते पाहताना माझ्याही अंगावर काटा आला.

शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाला लोक 'वाचक' म्हणत. त्या लिपीतले एकही अक्षर त्याला येत नव्हते. पान फुगले की देवाचा होकार आला असे समजायचे. मग माणसाने उपाय करून त्यात हात घालायचा नाही, नाहीतर होकार परत जातो, असे तो मऊ आवाजात सांगे. परत गेलेला होकार कुठे जातो, असे विचारणाऱ्याचे ओठ अशुद्ध ठरवून तो त्याला तोंडावर दुहेरी रुमाल धरूनच पानाला प्रश्न करायला लावी. अशा माणसापुढे पान निपचित पडून राही.

मुलगी बरी होईल का, असे माझ्या वहिनीने पानाला विचारले होते आणि तिला होकार मिळाला होता. तिच्या मुलीच्या हृदयाला छिद्र होते आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठरली होती.

"ती बरी होणार आहे, भाऊजी," वहिनी घरी आल्यावर म्हणाली. "मग तिची छाती कशाला फाडू द्यायची?"

मुलगी उंबऱ्यावर नुसती बसली होती, पण जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती.

मी विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंकडे गेलो. धर्मग्रंथांचा इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. ते पान काचेच्या चौकटीतून काढून प्रदर्शनासाठी त्यांनीच दिले होते, आणि माहितीपत्रकात 'हे कातडे अजून जिवंत आहे' असे लिहिले होते. वाचक तेच वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवतो, हे मी त्यांना सांगितले. विद्वानांनी भाषेतले अलंकार वापरताना दहादा विचार करावा, एवढेच बोलून त्यांनी पर्स उचलली. वहिनीलाही मी अक्षरशः हाताला धरून प्रार्थनागृहात नेले.

बाई पानावर वाकल्या आणि प्रार्थनेच्या लयीत काहीतरी पुटपुटू लागल्या. पान फुगले. रांगेतून सुस्कारा उमटला. वाचक प्रसन्न झाला. विद्वानांनाही होकार मिळाला, असे त्याने जाहीर केले.

"कशाला मिळाला?" बाईंनी विचारले. "मी माझ्या प्रबंधाची संदर्भसूची म्हणत होते. त्यातली निम्मी पुस्तकं उरलेल्या निम्म्यांना खोटं ठरवतात. होकार नेमका कुणाला?"

कुणीतरी फिसकन हसले. मग बाईंनी पानापासून चार बोटे वर एक काच धरली आणि वहिनीला तोच प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. वहिनीने विचारला, पुन्हा पुन्हा विचारला. पान हलले नाही. काच मात्र धुरकट झाली.

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असे समजावले. असे कातडे ओल शोषते. वाकलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ वरच्या बाजूला लागली की ती बाजू पसरते, खालची तशीच राहते, आणि पान मध्ये उचलले जाते. वाळले की खाली बसते. रुमालाआडून वाफ पोचत नाही. त्या वासराला मरून शतके लोटली असली तरी त्याची कातडी अजून एवढे करते.

श्रद्धेला काच लावू नये, असे वाचक म्हणाला. काही जण त्याच्यापाशीच थांबले.

वहिनी काचेवरचा डाग पाहत होती. "मग मला हो कोण म्हणालं?"

"तुमचाच श्वास, ताई," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी वहिनीने डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी होकार दिला नाही. शक्यता चांगली आहे, धोकाही आहे, असे सांगून त्यांनी तो धोका समजावला. वहिनीने मुलीला त्यांच्या हवाली केले.

त्या उत्तरात भीती होती. तरी ते समोरच्या जाणत्या माणसाकडून आले होते, आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत होता. उत्तर हवे तसेच मिळाले, तर ते कुठून आले हे आधी तपासावे. दार बंद झाले. पलीकडे मुलीच्या वतीने आता एक यंत्र श्वास घेणार होते, आणि त्या यंत्रावर माणसांची नजर असणार होती.