इराची तपासणी

साहेब तपासणीला येणार म्हटलं की उज्वलाबाई वर्गाकडून उत्तरं अशी घोटून घेत, की ढ पोरगंही घडाघडा बोलायचं. लातूरच्या शाळेत वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आता तीच पद्धत त्यांनी आपल्या धाकट्या लेकीवर, सोळा वर्षांच्या इरावर चालवली.

इरा चार वर्षांची असताना नांदेडच्या एका डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं लिहून दिलं होतं. यंदा थोरल्या विशाखाला जळकोटहून स्थळ आलं आणि मुलाच्या मामांनी धाकटीची चौकशी केली. होतं ते गेलं, असं बाई बोलून बसल्या. मामा म्हणाले, मग तसा कागद दाखवा. झालं, महिनाभर सराव चालला. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हात फडफडवायचे नाहीत, कुणी 'कशी आहेस' म्हटलं की 'तुम्ही कशा आहात' विचारायचं. एसटीनं अहमदपूर ओलांडलं तरी उजळणी सुरूच होती.

नांदेडच्या नव्या डॉक्टरीणबाई इराशी दोन तास बोलल्या, मग त्यांनी जुनी फाईल चाळली. त्या म्हणाल्या, तेव्हाचे निकष वेगळे होते, पुढे ते बदलले. काही मुलांची लक्षणं वाढत्या वयात इतकी कमी होतात की ते नाव लागू राहत नाही, काही जण मात्र ती नुसती लपवायला शिकतात. इरा आज तरी निकषांत बसत नव्हती. उज्वलाबाईंचा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात त्यांनी जळकोटला फोनही लावला.

लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "इरा, आता घरी गेल्यावर काय करशील?"

"न्हाणीत जाऊन कडी लावीन. तिथं हात हलवले तर आई रागवत नाही. तिला दिसत नाही ना."

इराला खोटं बोलता येत नव्हतं. तेवढंच शिकवायचं बाईंकडून राहून गेलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी ही पोर आत एवढा वेळ काय करते म्हणून त्यांनी दारावर थापा मारल्या होत्या, पाणी सांडतेस म्हणून बोलल्या होत्या. पोटच्या पोरीला त्यांनी स्वतःच्याच घरात लपायला लावलं होतं.

"मॅडम, ते नका लिहू," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "गेलेलं न्हाई ते. मीच घोटून घेतलंय तिच्याकडून."

इरा घाबरून आईकडे वळली. "कोणतं उत्तर चुकलं गं आई? घरी जाऊन पुन्हा पाठ करते."

उज्वलाबाईंनी भर दवाखान्यात पदरानं तोंड झाकून घेतलं.