ज्याची पेटी भिजेल त्याचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. माझ्यातून आता कुणी येत-जात नाही. मी आडवा पडलेला आहे आणि माझ्या पाठीवर एक अख्खी वस्ती उभी आहे.

पूर्वी मी शिवणकाकूंच्या घराला होतो. त्यांचं घर वस्तीच्या उताराला, अगदी शेवटचं. दर पावसात पाणी आत शिरायचं. काकू शिलाई मशीन पलंगावर चढवायच्या आणि मी उंबऱ्यात उभा राहून कुजायचो. शेवटी माझा वीतभर पाय कुजून गेला, तेव्हा नळवाल्या दादाने मला उतरवलं, कुजका भाग कापला आणि दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं.

वस्ती नव्याने बांधायची होती. आराखडा तुम्हीच करा, असं पालिकेच्या कार्यालयाने सांगितलं होतं. दादाने गल्लोगल्ली चढउतार मोजले आणि पुट्टीने तसेच माझ्यावर उठवले. वर तेलरंगाचे दोन हात दिले. प्रत्येक घराने आपल्या घराच्या जागी एक काडेपेटी आणून चिकटवली. मग नियम ठरला. कुणीही काही नवं सुचवलं की ते माझ्यावर मांडायचं आणि वरच्या टोकाकडून पेलाभर पाणी ओतायचं. ज्याची पेटी भिजेल, त्याचा शब्द शेवटचा.

काय दिवस होते ते! निवृत्त मास्तरांनी ऐटीत रस्ता उंच करायला सांगितला, तर पाणी वळून थेट त्यांच्याच पेटीत. मास्तर आठ दिवस फुगून बसले आणि नवव्या दिवशी स्वतःच तो रस्ता खरवडायला आले. अशा चाळीसेक पेल्यांनंतर सगळ्यांना एक गोष्ट पटली. काकूंच्या घराशेजारचा खोलगट तुकडा मोकळा सोडायचा, तिथे झाडं लावायची, पाणी तिथेच मुरू द्यायचं. त्या दिवशी काकूंची पेटी पहिल्यांदा कोरडी राहिली. काकूंनी ती दोनदा चाचपून पाहिली.

मग कार्यालयातले साहेब आले. त्यांनी माझे फोटो काढले, तोंड भरून कौतुक केलं आणि अशी वस्तू जपायला हवी म्हणाले. माझी माणसं हुरळून गेली, आणि इथेच चुकली. त्यांनी मला आपल्या हातांनी टेम्पोत चढवलं. कार्यालयात माझ्यावर काचेचं झाकण बसलं, त्याला कुलूप, खाली माहितीची चिठ्ठी, आणि वर पाटी : 'हात लावू नये'. मित्रांनो, शंभर हातांनी ज्याला घडवलं, त्यालाच हात लावू नये?

दोन वर्षं पाहुणे आले, वाहवा करून चहा पिऊन गेले. एके दिवशी साहेबांच्या माणसाने कुलूप उघडलं, खोलगट तुकडा बुजवला आणि त्यावर करड्या पुठ्ठ्याचा वाहनतळ चिकटवला. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. खालची चिठ्ठी मात्र तशीच : 'रहिवाशांनी केलेला आराखडा'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलायचं होतं तर स्वतःच्या नावाने बोलायचं.

मंजुरीच्या सभेला रहिवाशांना बोलावलं, ते टाळ्या वाजवायला. काच काढून ठेवली होती. वाहनतळ सगळ्यांच्याच सोयीचा कसा, ते साहेब समजावत होते. काकू पुढे आल्या, त्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला.

"अहो बाई, खराब होईल ते," साहेब म्हणाले.

"खराब व्हायचं ते इथेच होऊ दे. हा माझ्या घराचा दरवाजा आहे, साहेब. याला पाण्याची सवय आहे."

त्यांनी पेला ओतला. पाणी गल्ल्यांतून धावलं, वाहनतळाला अडलं, वळलं आणि काकूंची पेटी भिजून चपटी झाली.

मग मास्तर उठले. "पेटी यांची भिजली," ते म्हणाले, "आता शब्दही यांचाच."

"तो पुठ्ठा काढा," काकू म्हणाल्या.

दादाने तो नखाने उचकटला. साहेबांनी त्या दिवशी सही केली नाही. उद्या करतील की काय, मला ठाऊक नाही. पण वस्तीने मला तिथे ठेवलं नाही. मी पुन्हा दोन घोड्यांवर आहे, रंग उडालेला, एका कोपऱ्यात फुगलेला.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर काच आणू नका. पेला भरा आणि ओता.